शेवटचा हिवताप कोण शोधणार?

लातूर जिल्ह्यात हिवताप आता क्वचितच सापडतो. पावसाळा सरता सरता घरोघरी अंथरूण धरलेली माणसे, थंडी वाजून येणारा ताप आणि कोयनेलच्या कडू गोळ्या हे चित्र जुन्या पिढीच्या बोलण्यापुरते उरले आहे. जिथे हजार लोकसंख्येमागे वर्षाला एक रुग्णही भरत नाही, असे जिल्हे राष्ट्रीय आराखडा निर्मूलनाच्या टप्प्यातले मानतो, आणि लातूर त्यांत मोडतो. २०२७पर्यंत देशात स्थानिक लागणीचा एकही रुग्ण राहू नये आणि २०३०पर्यंत हिवतापाचे निर्मूलन व्हावे, असे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०१६ सालच्या आराखड्यात ठरवले. आशा या गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात आणि गावपातळीवरच्या पाठपुराव्यात काम करताना माझे एक मत पक्के होत गेले, आणि ते या उद्दिष्टाशी थेट निगडित आहे. हिवताप भरपूर असतो तेव्हा केवळ हिवताप शोधणारी माणसे नेमली तरी तो सापडतो. तो संपत आला की केवळ हिवताप शोधणाऱ्या माणसाकडे लोक यायचेच कमी होतात, आणि उरलेसुरले रुग्ण कोणाच्याच नजरेस पडत नाहीत. म्हणून आशाचे काम हिवतापापलीकडे, प्रत्येक तापापर्यंत आणि घरातल्या नेहमीच्या आजारांपर्यंत वाढवायला हवे. निर्मूलन झाल्यावर सवडीने करायची सुधारणा म्हणून याकडे पाहिले जाते. माझ्या मते निर्मूलन व्हायचे असेल तर ती आधी करावी लागेल.

या मताला इतिहासाचा आधार आहे, आणि तो इतिहास मराठवाड्याला परका नाही. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला पाहिले. लातूर, नांदेड आणि सिकंदराबाद तेव्हा एकाच निजामी राज्याच्या हद्दीत होते. शोध इतका जवळ लागूनही त्याचा लाभ खेड्यापर्यंत यायला अर्धशतक लोटले. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असावा आणि आठ लाख लोक त्यात दगावत असावेत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. डीडीटीची फवारणी आणि महिन्यातून दोनदा घरोघर जाऊन तापाची चौकशी करणारे कर्मचारी, या दोहोंच्या बळावर १९६५पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली आणि त्या वर्षी हिवतापाचा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. १९७६ साली मात्र ती चौसष्ट लाखांच्या पुढे गेली. डासांवर डीडीटीचा परिणाम कमी झाला होता, पुरवठा वेळेवर होत नव्हता, ही कारणे खरीच आहेत. पण त्यांच्याइतकेच महत्त्वाचे आणखी एक कारण होते. जिथे रोग आटोक्यात आला तिथे पाळतीचे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेने उचलायचे होते, आणि खेड्यापाड्यांत ती सेवा पुरेशी उभीच नव्हती. श्रीलंकेत १९६३ साली अवघे सतरा रुग्ण उरले होते. दशक संपायच्या आत तिथे रुग्ण पुन्हा लाखोंच्या घरात गेले, आणि हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळायला त्या देशाला २०१६ साल उजाडावे लागले. रोग ओसरल्यानंतरचा काळ हा त्याच्या परतण्याचा काळ असतो, ही गोष्ट दोन्ही देश महागात शिकले.

आज ही पाळत बरीचशी आशाच्या हाती आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले आणि साधारण हजार लोकसंख्येमागे गावातलीच एक बाई आशा म्हणून निवडली जाऊ लागली. ताप असलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचे किंवा किटवर तिथल्या तिथे तपासायचे, नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवायचा, रुग्ण निघालाच तर त्याच्या गोळ्या पूर्ण करून घ्यायच्या, हे तिचे हिवतापातले काम. वर्षाकाठी लोकसंख्येच्या दहा टक्के लोकांचे रक्त तपासले जावे, अशी कार्यक्रमाची जुनी अपेक्षा आहे. २०११च्या जनगणनेत लातूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेचोवीस लाख होती. म्हणजे अपेक्षेप्रमाणे वर्षाला जवळजवळ अडीच लाख नमुने व्हायला हवेत, आणि त्यांतून रुग्ण निघणार मूठभर. आशाच्या जागी उभे राहून या आकड्याकडे पाहिले पाहिजे. तिने सुई टोचली, रक्त घेतले, ‘हिवताप नाही’ असे सांगितले, आणि तिचे काम तिथे संपले. मुलाचा ताप तसाच आहे. मग हा कसला ताप, औषध काय द्यायचे, किती दिवस वाट पाहायची, दवाखाना कधी गाठायचा, हे आईचे खरे प्रश्न. त्यांच्यासाठी आशाच्या पिशवीत फार तर पॅरासिटामॉलची पट्टी असते, तीही संपलेली नसेल तर. कुटुंब यातून लवकर धडा घेते. पुढच्या तापाला ते थेट तालुक्याच्या गावी किंवा जवळच्या इंजेक्शनवाल्याकडे जाते. आशाला न कळलेल्या तापाचे रक्त घेतले जात नाही. नमुन्यांचा आकडा तरीही भरायचा असतो, म्हणून हाताशी असलेल्या, ताप नसलेल्या माणसांचेही रक्त घेण्याचा मोह वाढतो. कागदावर पाळत पूर्ण दिसते, पण खरा तापाचा रुग्ण त्या कागदाबाहेर राहतो.

हा केवळ आपल्याकडचा तर्क नाही. म्यानमारच्या दुर्गम भागात मेडिकल ॲक्शन म्यानमार या संस्थेने तेराशेहून अधिक गावपातळीच्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत हिवतापाची तपासणी आणि उपचार सुरू केले. २०११ ते २०१६ या काळातील नोंदींचे विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झाले. कार्यकर्ते काम करू लागले तसा हिवताप वेगाने उतरला. पण रोग कमी होत गेला तसा तपासणीसाठी येणाऱ्यांचा ओघही आटण्याचा धोका निर्माण झाला. संस्थेने मग कार्यकर्त्यांचे काम वाढवले. अतिसार, श्वसनाचे आजार, क्षयरोगाच्या संशयितांना पुढे पाठवणे, अशा प्राथमिक सेवा त्यांच्याकडे आल्या, आणि त्या आल्यावर रक्ततपासणीचे प्रमाणही वाढले. हिवतापासाठी वेगळे काही न करता हिवतापाची तपासणी सुधारली, कारण लोकांना कार्यकर्त्याकडे यायला कारण मिळाले. रवांडाने २०१६च्या सुमारास गावपातळीच्या कार्यकर्त्यांना मुलांबरोबर प्रौढांच्याही हिवतापावर उपचार करण्याची मुभा दिली. काही वर्षांत देशातल्या निम्म्याहून अधिक हिवताप रुग्णांवर गावातच उपचार होऊ लागले आणि गंभीर रुग्ण व मृत्यू घटले. या देशांचे रस्ते, जंगले, सरकारे आपल्यापेक्षा वेगळी आहेत. पण आजारी माणूस कोणाकडे जातो, हे तिथेही आणि लातूरच्या औसा-निलंग्यातही एकाच गोष्टीवर ठरते: गेल्या वेळी गेलो तेव्हा उपयोग झाला का?

गावातली कमी शिकलेली बाई इतके काम पेलेल का, या शंकेचे उत्तर देण्यासाठी महाराष्ट्राने बाहेर पाहण्याची गरज नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि कित्येकदा अक्षरओळखही नसलेल्या स्त्रियांना गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आरोग्यदूतांना बाळाचे श्वास मोजायला, न्यूमोनिया ओळखायला आणि प्रतिजैविक द्यायला शिकवले. नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा त्यांचा एकोणचाळीस गावांतला प्रयोग १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तुलनेच्या गावांपेक्षा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. त्या प्रयोगात गरज पडल्यास आरोग्यदूत इंजेक्शनसुद्धा देत होत्या. २०११ साली केंद्राने याच धर्तीवर देशभरातल्या आशांकडे नवजात बाळांच्या गृहभेटी सोपवल्या. लातूरच्या शेजारी धाराशिव जिल्ह्यात अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवले, त्यांच्या हाती साध्या आजारांची औषधे दिली. ही आपल्याच मातीतली, आपल्याच बोलीतली परंपरा आहे. आणि शासनाचा स्वतःचा अनुभवही काही वेगळे सांगत नाही. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी ऑक्सिजनची पातळी आणि शरीराचे तापमान मोजण्याचे काम आशांनीच केले. त्या वेळी ऑक्सिमीटर तिच्या हाती सुरक्षित होता, तर एरवी तो तिच्याकडे का नसावा, याचे पटणारे उत्तर मला मिळालेले नाही.

मग लातूर-नांदेडमध्ये हे वाढलेले काम नेमके कसे असावे? माझ्या मते त्याचा कणा ताप हाच ठेवावा. कोणत्याही वयाचा, कोणताही ताप आशाकडे आला की तिने पहिल्याच दिवशी हिवतापाची किटवर तपासणी करावी, म्हणजे काचपट्टीच्या निकालाची वाट पाहावी लागणार नाही. तपासणीत काही निघाले नाही तर तिचे काम खऱ्या अर्थाने सुरू व्हावे. पाच वर्षांखालील मुलाला खोकला असेल तर तिने मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात साठ, वर्षाच्या आत पन्नास, त्यापुढे चाळीस किंवा अधिक श्वास म्हणजे न्यूमोनियाचा संशय. छाती आत ओढली जात नसेल आणि बाळ दोन महिन्यांहून मोठे असेल, तर ठरलेल्या मात्रेत अमॉक्सिसिलिन देता येते. बाकीच्यांना लगेच दवाखान्यात न्यावे लागते. जुलाब असतील तर ओआरएस आणि झिंक. मोठ्या माणसाला अंगदुखी, डोळ्यांमागे दुखणे असेल तर डेंगीचा विचार करावा, ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांपासून दूर राहायला सांगावे आणि पोटात दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव, ग्लानी ही धोक्याची लक्षणे घरच्यांना पाठ करून द्यावीत. दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी तिने पुन्हा घरी जावे. यातले बहुतेक सगळे तिच्या प्रशिक्षणाच्या कुठल्या ना कुठल्या पुस्तिकेत आधीच आहे. ते वेगवेगळ्या कार्यक्रमांच्या नावाने, वेगवेगळ्या नोंदवह्यांत, वेगवेगळ्या वर्षी शिकवले गेले. रुग्ण मात्र तिच्यापुढे कार्यक्रमानुसार विभागून येत नाही. त्यामुळे शिकवणेही एकत्र झाले पाहिजे आणि औषधेही एकाच पिशवीत आली पाहिजेत.

मराठवाड्याची दोन वैशिष्ट्ये या कामाला आणखी निकडीचे करतात. पहिले पाण्याचे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे देशाला ठाऊक आहे. ती टंचाई टोकाची होती, पण पाणी साठवून ठेवण्याची सवय इथे बारमाही आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येते, टँकरचा भरवसा नसतो, म्हणून रांजण, टाक्या, पिंपे, हौद भरून ठेवले जातात. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीचा एडिस डास वाढतो, आणि टाक्यांत व विहिरींत हिवताप पसरवणारा ॲनॉफिलीस स्टिफेन्सीही वाढतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, हे सांगणे सोपे आहे. पाणीच आठवड्याने येत असेल तर भरलेला हौद ओतून द्या असे सांगणाऱ्या बाईचे गावाने का ऐकावे? तिचा शब्द मानला जातो तो तिने कधीतरी लेकराचा ताप उतरवलेला असतो म्हणून. मग झाकण, फडके, गप्पी मासे, टेमिफॉसचे औषध हे उपाय ती हक्काने सांगू शकते. दुसरे वैशिष्ट्य स्थलांतराचे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, उन्हाळ्यात परततात. बांधकामाच्या कामाला मुंबई-पुण्याला जाणारे वेगळेच. नांदेडच्या किनवट-माहूरचा जंगलपट्टा तेलंगण आणि विदर्भाला लागून आहे, तिथे माणसांची ये-जा सतत चालते. राज्यातले बहुतेक हिवताप रुग्ण गडचिरोली आणि मुंबई इथले असतात. त्यामुळे लातूरमधला पुढचा रुग्ण गावाबाहेरून आलेला असण्याची शक्यता मोठी आहे. कोण कुठून परतला, कोणाला वाटेत ताप येऊन गेला, हे तालुक्याच्या कार्यालयात बसून कळत नाही. ते आशाला कळते, आणि तिलाही ते घरात येणे-जाणे असेल तरच कळते.

व्हायव्हॅक्स या प्रकारच्या हिवतापाचा उपचार हे याचे आणखी एक उदाहरण. त्याचे परजीवी यकृतात दडून राहतात आणि कित्येक महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरतो, पण दडलेले परजीवी मारण्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावी लागते. ताप गेल्यावर अकरा दिवस रोज गोळी घेणे कोणाही सशक्त माणसाला जड जाते, मग मुकादमाच्या गाडीत बसून निघालेल्या मजुराची काय कथा? शिवाय ही गोळी गरोदर बाईला आणि लहान बाळाला देता येत नाही, आणि काही जणांच्या रक्तातील एका विकराच्या कमतरतेमुळे तिचा त्रास होऊ शकतो. लघवी गडद रंगाची झाली, धाप लागली, कावीळ दिसली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा असतो. एवढे लक्ष रोज घरी जाणारे कोणीतरीच ठेवू शकते. आणि रोज घरी जाता येण्यासाठी त्या घराशी आधीचे नाते लागते. हिवतापाचा रुग्ण निघाल्यावर पहिल्यांदाच उंबरा ओलांडणाऱ्या आशाला चौदा दिवसांचा विश्वास मागता येत नाही.

या सगळ्याविरुद्ध सर्वांत रास्त आक्षेप आशांचाच आहे. आमच्यावर आधीच डोंगराएवढी कामे आहेत, त्यात आणखी भर कशाला? गरोदर मातांची नोंद, प्रसूतीला सोबत, लसीकरण, नवजात गृहभेटी, कुष्ठरोग आणि क्षयरोग शोधमोहिमा, तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब-मधुमेहाचा फॉर्म, कार्डांची नोंदणी, शिवाय येणारी प्रत्येक मोहीम. या तक्रारीत अतिशयोक्ती नाही. परंतु या यादीकडे नीट पाहिले तर तिच्यातले बरेचसे काम मोजण्याचे, नोंदवण्याचे आणि बोलावून आणण्याचे आहे. लोकांना बरे करण्याचे काम त्यात फार थोडे. आशाचे काम इतकी वर्षे वाढतच आले, पण ते विभागाच्या गरजेने वाढले. मी ज्या वाढीबद्दल बोलतो ती गावाच्या गरजेची आहे, आणि ती करायची तर पहिली बाजू कमी करावी लागेल. एक कुटुंब, एक नोंद, एक भेट असे केले तर अनेक वह्यांतली पुनरुक्ती जाईल. मोहिमांसाठी वेगळे मनुष्यबळ द्यावे लागेल. हे न करता नुसती औषधांची पिशवी जड केली तर तो तिच्यावर अन्यायच होईल, आणि मी त्याच्या बाजूने नाही.

इतिहासातूनच आलेला एक आक्षेप याच्याशी जोडलेला आहे. १९७३च्या कर्तारसिंग समितीनंतर हिवतापाचे एकलक्ष्यी कर्मचारी बहुउद्देशीय झाले आणि हिवतापावरचे लक्ष उडाले, असे कार्यक्रमात आयुष्य घालवलेले अनेक जण मानतात. आता आशाचे काम पसरवले तर तेच होणार नाही का? हा प्रश्न मी हलका मानत नाही. पण बहुउद्देशीय कर्मचाऱ्याच्या पदरी काय पडले ते आठवावे. आणीबाणीच्या काळात कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे त्याच्या माथी आली आणि त्याच्याकडे पाहून गाव दारे लावू लागले. त्याचे काम रुंदावले ते लोकांना नको असलेल्या दिशेने. म्यानमारमध्ये ते लोकांना हवे असलेल्या दिशेने रुंदावले, आणि हिवतापाची तपासणी वाढली. काम एकलक्ष्यी की बहुलक्ष्यी, यापेक्षा ते कोणाच्या उपयोगाचे, हा फरक मोठा ठरतो. त्याच जोडीला प्रत्येक तापाची हिवतापासाठी तपासणी ही अट न वगळता येणारी ठेवली, तर लक्ष उडण्याचा धोकाही आवरता येतो.

डॉक्टर मंडळींचा आक्षेप सुरक्षिततेचा आहे. प्रतिजैविकांचा आधीच गैरवापर होतो, त्यात आणखी राज्यातल्या सत्तर हजारांवर आशांच्या हाती अमॉक्सिसिलिन द्यायचे का? इथे तुलना कशाशी करायची, हे महत्त्वाचे आहे. आशाने औषध दिले नाही म्हणून गावातला ताप तज्ज्ञ डॉक्टरकडे जात नाही. तो बहुधा निदानाशिवाय दिलेल्या इंजेक्शनकडे, सलाईनकडे आणि दोन दिवसांच्या अर्धवट प्रतिजैविकाकडे जातो. श्वास मोजून, ठरलेल्या मात्रेत, ठरलेले दिवस दिलेले एकच औषध हे त्यापेक्षा नक्कीच कमी धोक्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०१२ साली न्यूमोनिया, अतिसार आणि हिवताप यांवर गावपातळीवर एकत्रित उपचार करण्याची भूमिका संयुक्तपणे मांडली, तीही अनेक देशांतल्या अशाच अनुभवावर. तरीही डॉक्टरांची काळजी बाजूला सारण्यासारखी नाही. औषधांची यादी छोटी असावी, प्रत्येक रुग्णाची नोंद उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने आठवड्याला तपासावी, शंका आल्यास फोनवर लगेच सल्ला मिळावा आणि आशाने पाठवलेल्या रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रात ताटकळावे लागू नये. यातले शेवटचे सर्वांत दुर्लक्षित आहे. आशाने धोक्याचे लक्षण अचूक ओळखून पाठवलेला रुग्ण केंद्रातून नुसता परत आला, तर गावात तिचा शब्द पडतो, आणि तो पुन्हा उभा राहायला फार वेळ लागतो.

आणखी एक आक्षेप सामाजिक न्यायाच्या बाजूने येतो. शहराला डॉक्टर आणि खेड्याला आशा, ही गरिबांसाठीची दुय्यम सेवा नाही का? सरकार आशांच्या आड रिकाम्या जागा लपवेल, ही भीती निराधार नाही. पण तापाचा पहिला दिवस डॉक्टरपर्यंत कोठेच पोचत नाही, शहरातसुद्धा नाही. तिथे कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान, घरातला थर्मामीटर आणि फोनवरचा ओळखीचा डॉक्टर ते काम करतात. खेड्यात ही जागा मोकळी आहे आणि आशाने ती घ्यावी. तिने पाठवलेल्या रुग्णासाठी डॉक्टर असलाच पाहिजे, ही मागणी त्यामुळे उलट अधिक ठोस होते. कोणत्या केंद्रात पाठवलेले किती रुग्ण डॉक्टरांनी पाहिले, हे तिच्या नोंदीवरून मोजता येते, आणि रिकाम्या जागेचा हिशेब गावाला मागता येतो.

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि तो टाळून बाकी काहीही बोलणे अप्रामाणिक ठरेल. हिवतापात आशाला एका रक्तनमुन्यामागे पंधरा रुपये आणि एका रुग्णाचा उपचार पूर्ण केल्यावर त्याहून बराच जास्त मोबदला ठरलेला आहे. म्हणजे रोग असेल तर मोबदला जास्त, रोग संपला तर कमी. चांगले काम करणारीचे उत्पन्न कामाच्या यशाबरोबर घटावे, ही रचना मुळातच चुकीची आहे. प्रत्येक कामाला वेगळा दर लावला की ज्याला दर नाही ते काम मागे पडते. रडणाऱ्या मुलाच्या आईला धीर देणे, दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकावणे, याला कोणत्याच तक्त्यात रकाना नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत अशा कार्यकर्त्यांचे उत्पन्न पूर्णतः किंवा मुख्यतः कामागणिक मोबदल्यावर अवलंबून ठेवू नये असे स्पष्ट सांगितले आहे. त्याआधी २०१३ साली भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्या स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली होती. महाराष्ट्रातल्या आशांनी २०२३-२४मध्ये दीर्घ संप केला, तेव्हा कुठे राज्याने मासिक मानधनात पाच हजारांची वाढ दिली. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरवाचा आनंद आहेच, पण तापाचे निदान आणि उपचार यांची जबाबदारी जिच्यावर टाकायची तिला स्वयंसेविका म्हणत राहणे यापुढे चालणार नाही. १९७७ साली सुरू झालेल्या ग्राम आरोग्य रक्षक योजनेत महिना पन्नास रुपये मानधन, तुटपुंजी औषधे आणि नाममात्र देखरेख होती. ती योजना विरून गेली. जबाबदारी, औषधे, देखरेख आणि पगार यांतले एक काढले की उरलेली तीन टिकत नाहीत, हे त्या योजनेने पुरेसे दाखवले आहे.

म्हणून मागणी मोजकी आणि तपासता येईल अशी असावी. लातूर जिल्ह्यातली काही प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि किनवट-माहूरमधली काही निवडावीत. तिथल्या आशांना दोन पावसाळे सर्व तापांची जबाबदारी, भरलेली पिशवी, कमी नोंदवह्या आणि ठरावीक वेतन द्यावे. शेजारच्या केंद्रांशी तुलना करावी: ताप आल्यापासून चोवीस तासांत किती जणांचे रक्त तपासले गेले, परतलेल्या मजुरांपैकी किती जण तपासणीत आले, प्रायमाक्विनचे चौदा दिवस किती जणांनी पूर्ण केले, न्यूमोनिया आणि डेंगीचे किती रुग्ण वेळेत दवाखान्यात पोचले. माझा युक्तिवाद चुकीचा असेल तर तो या आकड्यांत उघडा पडेल, आणि ते मान्य करायला मी बांधील आहे. तो बरोबर निघाला, तर हिवतापाबरोबर इतर पाच-सहा आजारांची वाटही त्याच खर्चात अडवली जाईल, आणि २०२७ हे वर्ष केवळ उद्दिष्टाच्या तक्त्यात राहणार नाही. शेवटचा हिवताप रुग्ण कुठल्यातरी गावात साध्या तापाने फणफणत असेल आणि त्याला स्वतःला तो हिवताप आहे हे ठाऊक नसेल. तो ज्या बाईकडे विश्वासाने जाईल, तिच्या हाती त्या दिवशी किट, औषध आणि अधिकार असावेत, याची तजवीज आपण आजच केली पाहिजे.